एकानं मांडलं, एकानं पुसलं

१

कृष्णेच्या घाटावर लुगडं सापडलं तेव्हा डोहवाडीत सनई नुकतीच सुरू झाली होती.

हळदीनं पिवळं झालेलं ते लुगडं शेवटच्या पायरीवर पडलं होतं, निम्मं पाण्यात, निम्मं वर. शेजारी हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते आणि तुकड्यांवर रक्त. धुणं घेऊन आलेल्या बायकांनी बोंब ठोकली. सनई मध्येच तुटली. भाऊसोच्या घरात शोधाशोध झाली, तर त्याची भाची लीला, आजची नवरी, कुठंच नव्हती.

लुगड्याजवळ एक बाई बसली होती. तिचे दोन्ही तळहात रक्तानं भरले होते. लोक धावत आले तरी ती उठली नाही. तिला ओळखणाऱ्या एकीनं किंचाळून सांगितलं, "ही तर नवऱ्याची पयली बायकू! राहीबाई!"

सांगली संस्थानचे फौजदार सयाजीराव सायकल दामटत गावात पोचले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. राहीबाईला देवळाच्या ओसरीत बसवून बाहेर हवालदार उभा केलेला होता. गाव भोवती जमलं होतं, आणि त्या गर्दीचा आवाज सयाजीरावांना आवडला नाही.

"बाई, लीला कुठं आहे?"

"ठावं न्हाई."

"हात कशानं कापले?"

राहीबाईनं तळहात पदराखाली घेतले. तिशीची असेल, उन्हानं रापलेली, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"मी न्हाई मारली तिला," ती म्हणाली. "पर आनि काय इचारू नगा, सायेब. फाशी द्यायची तर द्या. मी बोलनार न्हाई."

निरपराध माणूस इतक्या लवकर फाशीपर्यंत जात नाही. सयाजीरावांनी तिच्याकडं एकवार रोखून पाहिलं आणि ते घाटाकडं वळले.

२

डोहवाडी संस्थानात होती. नदीपलीकडं सातारा जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मुंबई इलाख्यात पहिली बायको असताना दुसरी करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा नुकताच आला होता. संस्थानात तो लागू नाही, असं लोक धरून चालले होते. म्हणून पलीकडच्या मळेगावची बनुबाई आपल्या मुलाचं, कृष्णातचं, दुसरं लग्न अलीकडं येऊन लावत होती. वऱ्हाड आदल्या सांजेलाच येऊन शाळेत उतरलं होतं. राहीबाई त्यात नव्हती. ती पहाटेच्या पहिल्या नावेनं एकटीच आली, असं नावाड्यानं सांगितलं.

घाटावर दहा-पंधरा माणसं पाण्यात बुड्या मारत होती. कोणी गळ टाकत होतं, कोणी जाळं ओढत होतं. पायरीवर नवरदेव बसला होता. बत्तीस वर्षांचा, पिळदार अंगाचा. अंगावर लग्नाचं कोरं धोतर, पायात पलटणीचे खिळ्यांचे बूट. भिजून निथळणाऱ्या त्या माणसांत तो एकटाच कोरडा होता.

"पोहता येतं का रे तुला?"

"इटलीत नद्या पवून गेलोय, सायेब."

"मग?"

कृष्णातनं मान फिरवली. शेजारच्यानं सांगितलं, "धक्का बसलाय त्येला. सकाळधरनं असाच बसलाय."

सयाजीराव खाली वाकले. बांगड्यांचे तुकडे एकाच जागी होते, मूठभर ढीग, वर एक गोल धोंडा. मनगटावर झटापटीत फुटलेली बांगडी अशी एका जागी पडत नाही. ती चहूकडं उडते, कातडीत रुतते. या बांगड्या आधी हातातून उतरवल्या होत्या आणि मग धोंड्यानं ठेचल्या होत्या.

पायऱ्यांच्या बाजूची वाळू तर आणखीच चमत्कारिक. पाण्यापासून वर करंजाच्या झाडापर्यंत ती झाडल्यासारखी सपाट होती. करंजाची एक ताजी मोडलेली फांदी तिथंच पडली होती. फांदीच्या दांड्यावर रक्ताचे डाग होते.

ते झाडाच्या मागं गेले. तिथं झाडणाऱ्याचा हात पोचला नव्हता. ओलसर मातीत एकच पाऊल उमटलं होतं. टाचेला नाल आणि चवड्याला खिळ्यांच्या रांगा.

सयाजीरावांनी त्या पावलावर एक टोपलं पालथं घातलं आणि काही न बोलता घाट चढायला सुरुवात केली. वर पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. नवरदेवाची नजर नदीवर नव्हती, टोपल्यावर होती.

३

बनुबाई शाळेच्या पडवीत पाय पसरून बसली होती. म्हातारी खणखणीत होती.

"तिनंच ढकलली, आनि कोन?" तिनं सयाजीरावांना बसूही दिलं नाही. "नऊ वर्सं झाली लगनाला. कूस उजवली न्हाई. सवत येनार म्हनल्यावर डोचकं फिरलं तिचं."

"तुमचा मुलगा लढाईवर किती वर्षं होता?"

"सहा."

"मग मूल कुठून होणार, आजी?"

बनुबाईचा आवाज चढला. "तुमी शिकलेली मानसं कायबी इचारता. घराला दिवा नगं? वंश बुडू देनं ह्ये पाप. बाकी समदं मागनं. म्हसवडला न्हेलं मी त्येला. सिद्धनाथाच्या पायावर हात ठिवून बोललाय, आये, तू उभं करशील त्या मांडवात मी यीन, लगीन मोडनार न्हाई. माझा ल्योक शबूद मोडायचा न्हाई."

"मुलीला कोणी विचारलं होतं?"

म्हातारी उत्तराला तयार असलेली बाई होती. पण या प्रश्नावर तिनं खाली बघून लुगड्याचा काठ चाचपला.

भाऊसो त्याच्या दारात भेटला. मांडव रिकामा, चुलवणावरचा भात तसाच. भाऊसो बारीक डोळ्यांचा माणूस होता आणि दुःखापेक्षा रागात जास्त होता.

"आईबाप न्हाईत पोरीला. मी वाढवली. मामाचा हक्क हाय माझा."

"भाऊ आहे ना तिला? सिद्धू. पुण्याला पलटणीत, असं हवालदार म्हणाला."

"त्यो लांब हाय."

"त्याला लग्नाचं कळवलं होतंत?"

भाऊसो मांडवाचा दोर आवळू लागला. शेवटी शेजाऱ्यांकडून निघालं ते असं: भाऊसोचा मुलगा फिट्स येणारा, त्याला कोणी मुलगी देत नव्हतं. बनुबाईनं आपल्या भावाची पोर त्याला द्यायची आणि भाऊसोनं लीला कृष्णातला द्यायची, असं साटंलोटं ठरलं होतं.

"त्यात वंगाळ काय हाय?" भाऊसो उसळला. "आमच्यात चालतंय त्ये. वाडवडलापासनं चालतंय."

"चालतं, खरं आहे. मुलगी नको म्हणत होती का?"

भाऊसोनंही मान खाली घातली. सयाजीरावांनी ते पाहून ठेवलं.

"ती मेली असेल तर साटंलोटं मोडलं. तुझं नुकसानच." ते उठले. "म्हणजे तू नाहीस."

तेवढ्यात हवालदार धापा टाकत आला. "सायेब, चला लौकर! समदा गाव मोहिद्दीनच्या दाराला गेलाय. काट्या घिऊन!"

४

मोहिद्दीन बांगडीवाल्याचं घर वेशीजवळ होतं. त्याची बायको सुगराबी गावातल्या बायकांना बांगड्या भरायची. लीलाचा चुडाही तिनंच भरला होता. मोहिद्दीनचा धाकटा भाऊ जाफर लढाईहून आल्यावर टांगा चालवायचा. पिढ्यान्‌पिढ्या या घराला गावात कोणी परकं मानलं नव्हतं. पण ते सत्तेचाळीस साल होतं. पंजाबातल्या, बंगालातल्या बातम्या चावडीवर रोज वाचल्या जात होत्या, आणि वाचून झाल्यावर लोक आता एकमेकांकडं वेगळ्या नजरेनं बघत होते.

"पोरगी ह्यांनी पळवली!" कोणीतरी ओरडलं. "जाफरचा टांगा पाटंला मिरजंकडं गेलाय!"

सयाजीराव गर्दी फोडून दारात उभे राहिले. टांगा कोणी पाहिला, असं विचारल्यावर एक दूधवाला पुढं आला. त्यानं सरळ सांगितलं, "व्हय, म्या बगितला. जाफर हाकत व्हता. मागं बुरखा घिऊन सुगराबी बसली व्हती. मी हाक मारली, भाबी कुटं? त्या बोलल्या न्हाईत."

"सुगराबी होती, नक्की?"

"त्यांचाच बुरखा की. मिरजंला जाताना त्याच घालतात."

"बघा," सयाजीराव मोठ्यानं म्हणाले, "लीला नव्हतीच टांग्यात. हवालदार, एकालाही आत येऊ द्यायचं नाही." एवढं बोलून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

आत चुलीजवळ सुगराबी बसली होती.

 सुगराबी घरात, आणि तिचा बुरखा मिरजेच्या वाटेवर. दूधवाल्याला अजून हे सुचलं नव्हतं. कुणा एकाला जरी सुचलं, तरी या घराला आग लागायला वेळ लागणार नव्हता.

"तुमचा बुरखा कुठं आहे, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

सुगराबीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मोहिद्दीन मध्ये आला. पन्नाशीचा माणूस, बायकोला पाठीशी घेऊन उभा राहिला.

"सायेब, मला न्या. तिला नगा."

"आधी सांगा, लीला तुमच्याजवळ काय बोलली?"

बोलली ती सुगराबी. "चुडा भरताना म्या गमतीनं इचारलं, कबूल हाय का गं पोरी? आमच्यात इचारतात तसं. तर ती रडायलाच लागली. न्हाई म्हनली. एकदा न्हवं, तीनदा. आमच्यात पोरगी न्हाई म्हनली तर निकाह व्हत न्हाई, सायेब. तुमच्यात व्हतोय. पर न्हाई म्हंजी न्हाईच की! ऐकल्यावर मला घास गिळना."

"मग तुम्ही कोणाला सांगितलंत?"

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. दोघांनीही तोंड मिटलं. अगदी देवळात बसलेल्या राहीबाईसारखं.

बाहेरून दारावर धोंडा आदळला.

५

सयाजीरावांनी दार उघडलं. हातात पिस्तूल नव्हतं, काठीही नव्हती.

"खून झालेला नाही," ते म्हणाले. "कोणी पळवलेलंही नाही. ज्याला खरं ऐकायचं आहे त्यानं देवळाकडं चालावं. ज्याला या दारावर धोंडे मारायचे आहेत त्यानं आधी नाव सांगावं, मी लिहून घेतो."

नाव कोणी सांगितलं नाही. गर्दी कुरकुरत देवळाकडं सरकली. सयाजीरावांनी कृष्णातला, बनुबाईला आणि भाऊसोला ओसरीसमोर बोलावलं. राहीबाई खांबाला टेकून बसली होती.

"घाटावर दोन माणसांचं काम आहे," त्यांनी सुरुवात केली. "एकानं लुगडं टाकलं, बांगड्या ठेचल्या, म्हणजे लोकांना वाटावं की पोरगी बुडाली. त्याला ते दिसायला हवं होतं. दुसऱ्यानं तुकडे उचलायला घेतले, त्यात हात कापून घेतले, मग त्याच हातांनी वाळू झाडली. त्याला ते लपवायचं होतं. एकच माणूस मांडेलही आणि पुसेलही, असं होत नाही. पुसणारी कोण ते आपल्याला ठाऊक आहे. राहीबाई, तू काय पुसत होतीस?"

राहीबाईनं पदर हातांवर ओढून घेतला.

"मी सांगतो. खिळ्यांच्या बुटांची पावलं. पहाटे तू घाटावर उतरलीस. लुगडं पाहिलंस, बांगड्या पाहिल्यास, आणि ती पावलं ओळखलीस. एक पाऊल तुझ्या हातून राहिलं. ते टोपल्याखाली आहे."

सगळ्यांच्या नजरा नवरदेवाच्या पायांकडं गेल्या. बनुबाईच्या तोंडून "आरं द्येवा" असा शब्द निघाला.

"म्हंजी ह्येनं मारली?" भाऊसो ओरडला.

"मारणारा माणूस सगळ्यांच्या आधी पाण्यात उडी टाकतो," सयाजीराव म्हणाले. "त्याला लोकांना दाखवायचं असतं. हा इटलीत नद्या पोहून गेलेला गडी सकाळपासून कोरडा बसलाय. माणसं बुड्या मारून दमली, त्यांच्याकडं बघायची याला लाज वाटत होती, पण पाण्यात उतरून खोटं शोधायचं याला जमेना. कारण पाण्यात कोणी नाही हे याला ठाऊक होतं. कृष्णात, आता तू बोलणार की मी? मी बोललो तर त्यात दुसऱ्याही लोकांची नावं येतील. तू बोललास तर दोष तुझ्या एकट्याच्या अंगावर राहील."

कृष्णातनं वेशीच्या दिशेला पाहिलं. मग तो उठला. पलटणीत उभा राहतो तसा ताठ.

"पोरीला म्या धाडली," तो म्हणाला. "ती न्हाई म्हनतीय असं मला कळलं. तिला भावाकडं जायचं व्हतं. जाफर माझ्यासंगं लढाईत व्हता. त्येला म्याच सांगितलं, हिला पुन्याला सिद्धूच्या हाती दे. त्येच्या घरच्यांनी माझ्या सांगन्यावरनं केलं. कुनाला काय करायचं असंल तर मला करा. हितं उभा हाय मी."

"तू शपथ मोडलीस!" बनुबाई ताडकन उठली. "सिद्धनाथाच्या पायावरची शपथ!"

"न्हाई मोडली, आये. मांडवात आलोच की. लगीन म्या न्हाई मोडलं. नवरीच न्हाई, त्येला मी काय करू?" त्यानं नजर बुटांवर आणली. "तुला न्हाई म्हनायचं धाडस न्हवतं माझ्यात. म्हनून असं केलं. जित्ती पळाली म्हनलं असतं तर मामानं हुडकून आनली असती. मेली म्हनलं की समदं मिटलं असतं."

"आणि राहीबाई?" सयाजीरावांनी विचारलं. "ती सकाळपासून खुनी म्हणून बसलीय."

"मढं सापडत न्हाई म्हनल्यावर सुटली असती. रातीची गाडी जाऊस्तवर गप ऱ्हायचं, एवढंच ठरिवलं व्हतं."

 गर्दीतला राग कुठंतरी विरघळला होता, आणि त्याच्या जागी काय आलं ते लोकांना नीट कळत नव्हतं. काठ्या खाली आल्या. भाऊसो मात्र तणतणत राहिला, की फौजदारानं आपली पोर आणून द्यावी.

"तिला अठरा पुरी झालीत. ती स्वतःच्या पायानं गेली असेल तर मी कोण आणणारा? आणि तसं नसेल, तर आणीन. तिच्याच तोंडून ऐकायला मी मिरजेला निघालोय. तिला चेहऱ्यानं ओळखणारं कोणी बरोबर हवं."

"मी येते," भाऊसोच्या आधी राहीबाई म्हणाली. देवळात बसल्यापासून पहिल्यांदाच ती उठून उभी राहिली. "मागं एकदा ती मळेगावच्या बाजारला आलीवती. लांबनं बगितलीय मी."

कृष्णात पुढं आला. "राही, मला वाटलं न्हवतं तू हितं यीशील..."

राहीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ती काय बोलते ते ऐकायला सगळं गाव थांबलं होतं. ती पायऱ्या उतरून चालू लागली.

६

मिरजेच्या वाटेवर राहीबाई बैलगाडीच्या मागच्या टोकाला बसली होती. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या. गुऱ्हाळाचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता.

"सायेब, त्येस्नी काय शिक्षा व्हईल?"

"खोटा देखावा केला, पोलिसांना फसवलं. दंड होईल. फार तर थोडी कैद."

"आनि मला?"

"तुला कशाची? तू काहीच केलं नाहीस."

"खून झालाय असं समजून मी पुसत व्हते."

"पण खून झालाच नव्हता."

"त्ये मला कुटं ठावं व्हतं?"

सयाजीरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कोणी अडवलं नव्हतं. "बाई, नवऱ्याला वाचवायला बघणं याला कोणी गुन्हा म्हणत नाही. तुला लहानपणापासून तेच शिकवलंय."

"व्हय, त्येच शिकवलंय. धन्याच्या पाठीमागं उभं ऱ्हायचं. आये बी त्येच करीत आली, सासू बी त्येच सांगती." तिनं फडकं बांधलेले तळहात मांडीवर उलटे ठेवले. "त्येच केलं मी. मग मला बरं का वाटंना?"

बैल चालत राहिले. 

मिरज स्टेशनच्या बायकांच्या खोलीत लीला एका बाकावर बसली होती. बुरखा काढून तिनं मांडीवर घेतला होता. दाराशी जाफर उभा होता. खाकी टोपी पाहून तो पुढं आला, पण सयाजीरावांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. ते आत गेले आणि लीलाला दोनच गोष्टी विचारल्या. आपल्या खुशीनं निघालीस का? भावाकडंच जायचं आहे का? दोन्हीला तिनं, घाबरत पण स्पष्ट, "व्हय" म्हटलं. मग ते जाफरचा जबाब घ्यायला फलाटावर गेले, आणि दोघी समोरासमोर उरल्या.

"तुमी कोन?" लीलानं विचारलं.

"राही. त्येंची पयली."

लीला बाकावर मागं सरकली.

"भिऊ नगं. मी न्यायला न्हाई आले." राहीबाई उभीच राहिली. "सांगायला आलेय. तू मेलीस असं समजले मी. माझ्या मानसानं तुला मारलं असं समजले. आनि तरीबी कुनाला हाक मारली न्हाई. पान्यात बगितलं न्हाई, की कुटं धुगधुगी असंल का. आधी त्येंची पावलं पुसली."

लीला तिच्याकडं बघत राहिली. अठरा-एकोणिसाची मुलगी, केस विस्कटलेले, कपाळावर अजून हळद.

"आनि मी खरंच मेले असते तर?"

"तर मी आत्ता हितं नसते," राहीबाई म्हणाली. "घरात बसून त्येंच्यासाठी भाकरी थापत असते. आनि कुनाला कवाच कळलं नसतं."

बाहेर इंजिनानं शिट्टी दिली. हमालांची धावपळ सुरू झाली. लीला दचकून उठली, बुरखा छातीशी धरून दाराकडं पाहिलं. जाफरनं बाहेरून मान हलवली. ती गाडी बेळगावकडची होती, पुण्याची नव्हे.

लीला परत बसली. या वेळी बाकाच्या टोकाला. शेजारची जागा मोकळी झाली होती.

"अजून लय येळ हाय गाडीला," ती राहीबाईकडं न बघता म्हणाली. "बसा."